शाईची रेघ आणि रोजचा नेम
हातकणंगले परिसराच्या साक्षीने रेखाटनवहीची ओळख

हातकणंगले हे कोल्हापूरच्या पूर्वेस, सांगलीच्या वाटेवरील तालुक्याचे गाव. १८९१ मध्ये सुरू झालेल्या मिरज–कोल्हापूर लोहमार्गावर त्याचे रेल्वे स्थानक आहे. इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदी, पेठ वडगावची बाजारपेठ, कुंभोजचा बाहुबली डोंगर आणि वारणा व पंचगंगा काठचा ऊस हे सारे याच तालुक्याच्या परिसरात येते. रेखाटनासाठी एवढी विविधता एका दिवसाच्या फेरीत क्वचितच सापडते. तरीही या भागात, आणि एकूण महाराष्ट्रातच, चित्रकलेची एक ठरलेली कहाणी आहे. शाळेत असताना कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा दिल्या जातात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव होतो, प्रमाणपत्र हाती पडते आणि रंगपेटी माळ्यावर जाते. पुढे नोकरी-संसारात पडलेल्या माणसाला कधीतरी तिची आठवण होते. तो महागडा कागद आणतो, दोन चित्रे काढतो, ती मनासारखी उतरत नाहीत आणि पेटी पुन्हा माळ्यावर जाते.

हा खंड पडण्याचे कारण बहुधा हाताच्या कौशल्यात नसते. ‘चित्र’ पूर्ण करण्याची अपेक्षा आणि रोजचा सराव या दोन गोष्टींची गल्लत झालेली असते. चित्र हे प्रदर्शनासाठी किंवा भिंतीसाठी असते. रेखाटन हे पाहण्यासाठी असते. शाई आणि तिच्या जोडीला थोडे रंग घेऊन केलेला रोजचा लहानसा सराव हा फरक फार लवकर उमजवून देतो.

करवीरनगरीचा वारसा

कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणतात, ते तेथील निसर्गचित्रणाच्या आणि व्यक्तिचित्रणाच्या दीर्घ परंपरेमुळे. या परंपरेच्या आरंभी आबालाल रहिमान यांचे नाव घेतले जाते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेऊन कोल्हापुरास परतलेल्या या चित्रकारास राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला. रंकाळा, कोटितीर्थ आणि पंचगंगेचा काठ ही त्यांची चित्रभूमी. तीच ती ठिकाणे, निरनिराळ्या प्रहरी, निरनिराळ्या ऋतूंत पुन:पुन्हा पाहणे ही त्यांची साधना होती. १९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले. त्या दु:खात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात आजही सांगितले जाते. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची जी चित्रे आज उरली आहेत, ती पाहताना न उरलेल्या चित्रांची हुरहुर वाटल्याशिवाय राहत नाही.

त्यांच्यानंतरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे चित्रकार, शिल्पकार आणि चित्रपटनिर्माते. चित्रीकरणापूर्वी प्रसंगांची आणि वेशभूषेची रेखाटने करण्याची त्यांची पद्धत होती. मूकपटांच्या त्या काळात कागदावरची रेघ हीच त्यांची पहिली पटकथा होती, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांची निसर्गचित्रे राजारामपुरीतील त्यांच्या नावाच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. पेनच्या रेषेचा विचार करताना कोल्हापुरातच जन्मलेले वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांचे स्मरण अपरिहार्य आहे. व्यवसायाने ते स्थापत्य अभियंता होते. नोकरी सांभाळून त्यांनी केलेली व्यंगचित्रे आणि पुस्तकांची सजावट ही मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. ‘वेळ मिळत नाही’ या सबबीला त्यांचे काम हे चोख उत्तर आहे.

शेजारच्या गोव्यातील मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांचे उदाहरण तर थेट रोजच्या नेमाचेच आहे. लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रे काढीत, म्हणून आईने त्यांना कोरी वही आणून दिली. पुढे त्यांनी रोजनिशीच चित्रांतून लिहिली. त्यांच्या १९४९ ते १९५१ या वर्षांच्या रोजनिश्या पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. लग्ने, मेजवान्या, पाद्री, शेजारीपाजारी असा त्या काळचा गोवा या पानांतून दिसतो. ती पाने प्रदर्शनासाठी काढलेली नव्हती. म्हणूनच त्यांत इतका जिवंतपणा आहे.

शाईच का?

पेन्सिलीची रेघ खोडता येते. ही सोय नवशिक्याच्या पायातील बेडी ठरते, कारण अर्धा वेळ खोडण्यातच जातो. शाईची रेघ एकदा उमटली की उमटली. त्यामुळे रेघ ओढण्याआधी पाहावे लागते. चुकलेल्या रेघेच्या शेजारी दुसरी, अधिक बरोबर रेघ ओढावी आणि पुढे जावे, एवढाच उपाय उरतो. महिनाभरात हाताला धीर येतो आणि डोळ्याला सवय लागते.

मराठी माणसाला शाई परकी नाही. काजळी आणि डिंक यांपासून केलेली देशी शाई आणि बोरू यांनी लिहिलेले मोडी कागद शेकडो वर्षांनंतरही वाचता येतात. शाईतील काजळी म्हणजे कार्बन. तो उन्हाने फिका पडत नाही. याच बोरूच्या जातीच्या वेताच्या लेखणीने व्हिन्सेंट व्हॅन गॉफने १८८८ मध्ये फ्रान्समधील आर्ल येथे शेतांची अप्रतिम रेखाटने केली. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे ‘कॅमलिन’ म्हणून घरोघरी पोहोचलेल्या उद्योगाचा आरंभही शाईपासूनच झाला. ‘कॅमल’ हे नाव रंगपेटीवर येण्यापूर्वी ते शाईच्या बाटलीवर होते.

साहित्य : जेवढे खिशात मावेल तेवढेच

सराव मोडण्याचे एक मोठे कारण म्हणजे साहित्याचा पसारा. पिशवी उघडायला पाच मिनिटे लागत असतील, तर दहा मिनिटांचे रेखाटन होत नाही. पुढील साहित्य सुरुवातीस पुरेसे आहे.

वही : तळहाताहून थोडी मोठी, शिवलेल्या बांधणीची. केवळ पेनसाठी १०० ते १२० जीएसएमचा कागद चालतो. हलका रंग लावायचा असेल तर सुमारे २०० आणि भरपूर पाणी वापरायचे असेल तर ३०० जीएसएमचा कागद घ्यावा. फार खडबडीत कागदावर बारीक निब अडकते. मध्यम पोताचा कागद शाई आणि जलरंग दोन्हींना मानवतो. हातकागदही सुंदर दिसतो. पण त्यावर शाई पसरते की नाही हे कोपऱ्यात ठिपका देऊन आधी पाहून घ्यावे.

पेन : ०.१, ०.३ आणि ०.५ मिलिमीटरचे फायबर टोकाचे जलरोधक पेन सर्वांत सोयीचे. टाक किंवा बोरू यांची रेघ दाबाप्रमाणे जाड-बारीक होते, म्हणून ती अधिक बोलकी असते. परंतु दौत सांभाळावी लागते. गाडीत किंवा बाजारात त्याचा उपयोग नाही, घरच्या टेबलावर मात्र अवश्य करावा.

शाई : येथे एक सावधगिरी हवी. लाखेचा अंश असलेली जलरोधक ड्रॉइंग इंक फाउंटन पेनमध्ये भरू नये. ती आत वाळून पेन कायमचे बंद पडते. फाउंटन पेनसाठी खास बनवलेली रंगद्रव्याची शाई मिळते, ती वापरावी. लिहिण्याची साधी निळी-काळी शाई पाण्याने पसरते आणि उन्हात फिकी होते. तिच्या पसरण्याचा मुद्दाम उपयोग करता येतो, पण ती टिकाऊ नव्हे हे लक्षात ठेवावे.

रंग : सहा जलरंगांची लहान पेटी, एक मध्यम गोल कुंचला, औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी आणि जुन्या सुती कापडाचा तुकडा. याखेरीज मेणबत्तीचा तुकडा, पांढरा पोस्टर रंग आणि दोन-तीन रंगीत पेन्सिली पुरेत.

नेम कसा बांधावा

रोज एक तास काढीन, असा संकल्प आठवड्यात मोडतो. त्यापेक्षा रोज दहा मिनिटे आणि एक पान, हा नेम टिकतो. तो आधीच ठरलेल्या एखाद्या गोष्टीला जोडावा. सकाळचा चहा, एसटीची किंवा गाडीची वाट पाहणे, दुपारचा डबा संपल्यानंतरचा वेळ, यांपैकी जे रोज घडते त्याच्या पाठीला रेखाटन बांधले की वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. हातकणंगले स्थानकावर कोल्हापूरच्या गाडीची वाट पाहणाऱ्या नोकरदारास फलाटावरचा बाक, झाडाची सावली, समोरच्या प्रवाशाची पाठ आणि पायाशी ठेवलेली पिशवी एवढे विषय महिनाभर पुरतात.

विषय शोधण्यात वेळ दवडू नये. पहिल्या आठवड्यात घरातल्याच वस्तू घ्याव्यात : तांब्या, चपला, खुंटीवरची छत्री, कपबशी. दुसऱ्या आठवड्यात खिडकीतून दिसणारे दृश्य, तिसऱ्यात माणसे, चौथ्यात गावाबाहेरची जागा. महिन्याअखेर पुन्हा पहिल्या दिवसाचीच वस्तू काढावी. दोन्ही पाने शेजारी ठेवली की प्रगती इतरांना विचारावी लागत नाही.

तीन पथ्ये पाळावीत. पान फाडू नये. प्रत्येक पानावर दिनांक, वेळ आणि ठिकाण लिहावे. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन पानांचा दंड घेऊ नये, केवळ पुढचे पान काढावे. दंडाच्या ओझ्याने नेम लवकर मोडतो.

रेघेचे पाठ

पहिला पाठ कागदाकडे न पाहता बाह्यरेषा काढण्याचा. नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या गतीने फिरवायची आणि त्याच गतीने पेन चालवायचे. अमेरिकी कलाशिक्षक किमॉन निकोलायडिस यांच्या १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे ही पद्धत जगभर रूढ झाली. निघालेले चित्र वेडेवाकडे असते, पण त्यातील एखादी रेघ आश्चर्य वाटावे इतकी खरी असते.

दुसरा पाठ गतीचा. बाजारात भाजी तोलणारा हात किंवा पाणी पिणारे जनावर अर्ध्या मिनिटात काढावे. येथे तपशील नको. भार कोणत्या पायावर आहे आणि पाठीचा बाक कोठे आहे, एवढेच टिपावे. माणूस हलला तर दुसरे रेखाटन सुरू करावे. तो बहुधा त्याच हालचालीकडे परत येतो, तेव्हा पहिले पुरे करता येते.

तिसरा पाठ छटेचा. शाईत करडा रंग नसतो. तो रेघांनी निर्माण करावा लागतो. समांतर रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी आणि ठिपके या तीन युक्त्या आहेत. वहीत पाच चौकोन आखून पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच पायऱ्या रेघांनी भराव्यात. रेघेची दिशा वस्तूच्या घडणीनुसार फिरवली की घागर गोल दिसते. सरसकट एकाच दिशेने ओढली की ती पत्र्यातून कापल्यासारखी वाटते.

मिश्र माध्यम : क्रमाला महत्त्व

शाईच्या जोडीला दुसरे माध्यम घेतले की ते मिश्र माध्यम होते. त्यात काय मिसळले यापेक्षा कोणत्या क्रमाने मिसळले, याला अधिक महत्त्व असते. सर्वांत रूढ क्रम म्हणजे आधी जलरोधक शाईची रेघ, ती पूर्ण वाळल्यावर वर रंगाचा पातळ हात. रेघेने आकार सांगितलेला असल्याने रंग सैल लावता येतो, किंबहुना तो सैलच लावावा. रेघेच्या आत काटेकोर रंग भरला की चित्र शाळेच्या रंगवहीसारखे दिसते.

दुसरा क्रम याच्या उलट. आधी रंगाचे दोन-तीन मोठे डाग, ते वाळल्यावर हवी तेवढीच रेघ. झाडी, ढग, गर्दी यांसाठी हा क्रम उत्तम. तिसऱ्या पद्धतीत पाण्याने पसरणाऱ्या शाईने रेखाटन करून सावलीच्या बाजूने ओला कुंचला फिरवतात. एका पेनमध्येच रेघ आणि छटा दोन्ही मिळतात. मेण मात्र नेहमी रंगाच्या आधी लागते. मेणबत्ती घासलेल्या जागी पाणी धरत नाही आणि कागदाचा पांढरा तसाच राहतो. अपारदर्शक पांढरा रंग अगदी शेवटी, तोही थेंबभर.

पावसाळ्यात या भागात हवा इतकी दमट असते की रंगाचा हात लवकर वाळत नाही. शाई वाळली असे वाटले तरी कुंचल्याखाली ती फुटते. त्या महिन्यांत रेघांवर भर द्यावा आणि रंग घरी येऊन लावावा. उन्हाळ्यात उलट अडचण येते. मोठा हात लावेपर्यंत कड वाळून डाग पडतो, म्हणून कागद आधी स्वच्छ पाण्याने ओला करून घ्यावा.

परिसर हाच अभ्यासक्रम

हातकणंगले तालुक्यातील प्रत्येक ठिकाण रेखाटनाचा एक स्वतंत्र धडा देते. आळत्याजवळच्या डोंगरातील रामलिंग हे गुहामंदिर काळोखाचा धडा देते. तेथे बारीक रेघांनी अंधार भरत बसण्यात अर्थ नाही. कुंचल्याने काळी शाई लावून उजेडाच्या जागा तेवढ्या सोडाव्यात. कुंभोजच्या बाहुबली येथील २८ फूट उंचीच्या संगमरवरी मूर्तीपाशी याच्या नेमके उलट करावे लागते. भर उन्हात पांढरी मूर्ती रेखण्याऐवजी मागचे आकाश आणि अंगावरच्या सावल्या काढाव्यात. मूर्ती कोऱ्या कागदातून आपोआप उभी राहते.

हुपरीच्या चांदीकामात चकाकी दाखवायची असते. तिला चंदेरी रंग लागत नाही. कागदाचा पांढरा आणि त्याला लागूनच एकदम काळा, मध्ये फारशी छटा नाही, असे केले की धातू चमकतो. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला. आज तेथील मागांच्या रांगा पुनरावृत्तीचा प्रश्न घालतात. अशा वेळी जवळचा एक माग तपशिलाने काढावा आणि बाकीचे केवळ उभ्या-आडव्या रेघांनी सुचवावेत. उसाला तुरे आले की मेणबत्तीचा तुकडा कामाला येतो. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याची उधळण होते, तेव्हा आधी पिवळ्याचा मोकळा हात आणि वर धावत्या रेघांनी ढोल, छत्र्या आणि माणसे, हाच क्रम साधतो.

आणि गुऱ्हाळ. काहिलीतला उकळता रस, वाफ, चुलवाणात चिपाड सारणारा माणूस, साच्यातल्या ढेपा. वाफ काढण्यासाठी ओल्या रंगावरून स्वच्छ ओला कुंचला फिरवून रंग उचलावा. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु गुऱ्हाळांची संख्या मात्र घटत गेली आहे. कौलारू घरे, दगडी जोती, लाकडी खांबांच्या सोप्यांचीही तीच गत आहे. छायाचित्र अशा गोष्टींची नोंद करतेच. पण अर्धा तास समोर बसून काढलेल्या पानात काढणाऱ्याने काय पाहिले याचीही नोंद असते.

माणसांत बसताना

यंत्रमागाचा कारखाना, चांदीची पेढी किंवा गुऱ्हाळ येथे बसण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी आणि कामाच्या वाटेत बसू नये. देवस्थानांचे नियम पाळावेत. कोणी मागे उभे राहून पाहू लागले तर वही मिटू नये, दाखवावी. ‘आमच्या बैलाचं शिंग असं नाही’ अशी दुरुस्ती गावात हमखास मिळते, आणि ती बहुधा बरोबर असते. २००७ मध्ये सिएटल येथील वृत्तपत्रचित्रकार गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांच्या पुढाकाराने सुरू झालेली ‘अर्बन स्केचर्स’ ही चळवळ प्रत्यक्ष जागेवर बसून रेखाटन करण्याचाच आग्रह धरते. कोल्हापूरच्या बागांत आणि घाटांवर बसून चित्रे काढण्याची परंपरा मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. महिन्यातून एकदा दोघा-तिघांनी मिळून एखाद्या ठिकाणी बसावे आणि शेवटी वह्या शेजारी मांडाव्यात. एकच वड तिघांनी तीन प्रकारे पाहिलेला दिसतो, आणि तेवढ्यात पुष्कळ शिकून होते.

वहीचे जतन

भरलेली वही कोरड्या जागी, आडवी ठेवावी. दमट कपाटात कसर लागते. पावसाळ्यानंतर वह्या उन्हाच्या आडोशाला, वाऱ्यावर उघडून ठेवाव्यात. पानांत चिकटवलेली तिकिटे किंवा कागदाचे कपटे गव्हाच्या खळीने लावावेत, कारण चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडून कागदही खराब करते. वर्षातून एकदा सर्व पानांची छायाचित्रे काढून ठेवावीत.

हे सारे सोपस्कार कशासाठी, असा प्रश्न पडेल. रोजचे पान रोज क्षुल्लकच वाटते. फलाटावरचा बाक, गुऱ्हाळाचे छप्पर, आजोळच्या घराची चौकट यांत जपून ठेवण्यासारखे काय आहे, असे ते काढणाऱ्यालाच वाटत असते. छप्पर उतरवले जाते, चौकट विकली जाते, आणि मग दिनांक घातलेले ते शाईचे पान घरातील दुसऱ्या कोणत्याही कागदाहून मोलाचे ठरते. कोटितीर्थात गेलेली आबालालांची चित्रे परत मिळणार नाहीत. निदान आपल्या अंगणापुरती नोंद राखणे मात्र दहा मिनिटांच्या नेमाने कोणालाही शक्य आहे.